सहा चेहऱ्यांची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पट्टी आहे. भूमितीच्या पेटीतली नव्हे. माझ्यावर सेंटिमीटर नाहीत, सहा चेहरे आहेत. पहिला खदखदून हसतो, शेवटचा धाय मोकलून रडतो, मधले चौघे आपापल्या परीने सांभाळून घेतात. बुलढाण्यातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात, कुणा साहेबांच्या वाढदिवसाच्या बॅनरमधून उरलेल्या तुकड्यावर माझा जन्म झाला. पाठीवर अजून त्यांचा अर्धा कान आहे.

डॉक्टर अविनाश माझे धनी. तोंडाच्या आतली कातडी वर्षानुवर्षं सोलवटलेली, तिखट सोडाच, साधं वरणही झोंबतं, असे रोगी त्यांच्याकडे येतात. आरशात जखम दिसते. तिच्यापायी जगणं किती बिघडलं, ते दिसत नाही. ते मोजायचं काम माझं, आणि त्या आकड्यांवर डॉक्टरांचा या रोगाचा अभ्यास चालला होता. जेवताना कसं वाटतं, झोप लागते का, चारचौघांत बसवतं का, असं डॉक्टर विचारत आणि रोगी एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत. मी स्वतःला फार शहाणी समजत असे. माणूस तोंडाने खोटं बोलेल, बोटाने कसं बोलेल?

मेहकरकडच्या वच्छलाबाई सुनेला, काजलला, घेऊन एसटीने येत. त्या दिवशी त्यांच्या औषधाचा निकाल लागायचा होता. डॉक्टर म्हणाले, गालातल्या पांढऱ्या रेषा राहिल्या तरी चालतील. त्रास नसेल तर औषध बंद करू. त्रास आहे की नाही, हे मी सांगायचं होतं. वच्छलाबाईंनी चष्मा लावला, सहाही चेहरे सोयरीक जुळवावी तसे निरखले आणि बोट थेट हसऱ्यावर ठेवलं. जेवण हसरं, झोप हसरी, चारचौघेही हसरे.

डॉक्टर फोन घ्यायला बाहेर गेले, तशी काजल कुजबुजली, "आत्याबाई, हसऱ्यावर काऊन बोट ठेवलं? घरी तं भाकर दुधात भिजवून चुलीपाशी एकट्या खाता."

"अवं, इतका भला माणूस, इतके दिवस आपल्या तोंडात पाहून राह्यला. त्याले रडकं तोंड कसं दाखवू? वाढणाऱ्याले कोनी भाजी खारट झाली म्हनते काय?"

मी टेबलावर गार पडले. बाईंनी मला तब्येत विचारणारी नव्हे, पंगतीत आग्रह करणारी समजलं होतं.

डॉक्टर आल्यावर काजलने खरं काय ते सांगून पाहिलं. ते समजुतीने हसले. नातेवाइकांचं धरायचं नसतं, रोग्याचंच धरायचं असतं, असा या अभ्यासाचा नियमच होता. नियम उत्तम होता. त्यांनी वच्छलाबाईंना विचारलं, बरं आहे ना? बाई हाव म्हणाल्या. औषध बंद झालं.

पुढे डॉक्टरांनी नागपूरला या अभ्यासावर भाषण केलं. मला उंच धरून दाखवलं, टाळ्या पडल्या. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा सन्मान, आणि तो खोटा होता, हे त्या सभागृहात फक्त मला ठाऊक होतं.

उन्हाळ्यात वच्छलाबाई पुन्हा आल्या, निम्म्या होऊन. डॉक्टरांनी मला पुढे सरकवलं. बाईंचं बोट सवयीने निघालं आणि अडखळलं. हसरा चेहरा तिथे नव्हताच. इतक्या भल्या माणसांनी त्यावर बोट ठेवलं होतं की तो पुसून पिवळा डाग उरला होता. रडका मात्र दुकानातून आणल्यासारखा कोरा करकरीत. बाईंनी दोन नंबरच्या हसऱ्यावर बोट ठेवलं.

काजलने वाद घातला नाही. पिशवीतून डबा काढून भाकरी आणि वांग्याची भाजी टेबलावर मांडली. "डॉक्टरसाहेब, एक घास खाऊ द्या त्यांले तुमच्यापुढं."

बाईंनी घास घेतला. तो या गालातून त्या गालात फिरला. डोळ्यांतून पाणी घळघळलं, मान थरथरली, घास काही उतरेना. शेवटी पाण्यासोबत ढकलला आणि सुनेकडे पाहून म्हणाल्या, "भाजी मस्त झाली व, काजल."

डॉक्टरांनी मला बाजूला सारलं. मग त्यांनी औषध पुन्हा लिहून दिलं. अभ्यासातला आकडा तसाच राहिला, कारण तो रोग्याने स्वतः सांगितलेला होता.

आता नवी पट्टी आली आहे, हसू चकचकीत. मी ड्रॉवरमध्ये असते. मित्रांनो, माझ्या जातीच्या वस्तू शेवटी म्हणतात, मला जपा. मी म्हणणार नाही. तुमच्या घरात कुणी सगळ्यांच्या मागून, एकटंच जेवत असेल, तर त्याला कसं आहे म्हणून विचारू नका. शेजारी जाऊन बसा आणि पहिला घास उतरेपर्यंत उठू नका.