खालच्या खाचराची रेघ

टण्ण! दुपारच्या चिडीचूप घरात डब्याचं झाकण फरशीवर पडलं, गोल गोल फिरलं, आणि बटणं-दोऱ्यांच्या ढिगात पडलेल्या मला कितीतरी दिवसांनी उजेड दिसला. झोपलेली छोटी राखी कुशीवर वळली. तिच्या आईने, पल्लवीने, पायाने झाकण थांबवलं आणि मला अलगद उचललं.

मित्रांनो, मी एक जुना जीपीएस रिसीव्हर आहे. साबणाच्या वडीएवढा. मला पडदा नाही, आवाज नाही. एक निळा दिवा, तोही लुकलुकणारा. आकाशातल्या उपग्रहांचे इशारे ऐकायचे, आपण नेमके कुठे आहोत ते ओळखायचं आणि जवळच्या यंत्राला वायरीवाचून कळवायचं, एवढंच माझं काम. पल्लवीचा नवरा दत्तू टुरिस्ट गाडी चालवायचा, तेव्हा त्याने मला शहरातल्याच द्वारका चौकातल्या एका दुकानातून आणलं. गाडीच्या काचेजवळ मी आणि शेजारी त्याच्या तळहाताएवढ्या संगणकावर नकाशा. "दत्तूभाऊ, तुमची ही डबी भारी हुशार आहे," प्रवासी म्हणायचे. मग नवे फोन आले, त्यांच्या पोटातच माझ्यासारखा एकेक बसलेला. मी बटणांच्या डब्यात गेलो. मला राग आला नाही असं मी म्हणणार नाही. चांगलाच आला.

आता माझी आठवण का झाली, ते ऐका. पेठकडच्या डोंगरात पल्लवीची आई, भिमाबाई, भात आणि नागली पिकवते. जंगलातली कसत आलेली जमीन नावावर व्हावी म्हणून तिने वनहक्काचा दावा केला होता, आणि त्यासाठी ती मोजायला एक माणूस आला होता. गाडीला रस्ता सांगणारंच अ‍ॅप फोनवर लावून तो बांधाने फिरला. असल्या अ‍ॅपला वाटतं, तुम्ही गाडीतच बसलाय. म्हणून ते तुमचा ठिपका ओढून जवळच्या रस्त्यावर नेऊन ठेवतं. नकाशा निघाला तर भिमाबाईचं खालचं खाचर, घराला वर्षभराचा भात देणारं, रेघेच्या बाहेर! येत्या ग्रामसभेत तो नकाशा मंजूर झाला की खाचर गेलंच.

"मी काय हवेत भात लावला व्हय गं?" भिमाबाई फोनवर कडाडली होती. "लय शानं हाय त्यांचं यंतर!"

पल्लवीकडे राखीच्या गाण्यांसाठी घेतलेला टॅब होता, पण त्यात जीपीएस नव्हतं. ती मला आणि राखीला घेऊन द्वारका चौकातल्या त्याच दुकानात गेली.

"ताई, हे कुठून खणून काढलंत?" दुकानदार गोरक्ष हसला. "आता फोनमध्ये सगळं असतं."

"सगळं असतं हो. आमच्या आईचं खाचर तेवढं नाहीये."

गोरक्षचं हसू विरलं. त्याने माझी फुगलेली बॅटरी बदलली आणि एक नवा, चकचकीत रिसीव्हरही पुढे केला. "दोन्ही चालवून बघा. जो बरोबर, तो ठेवा."

दुसऱ्या दिवशी इंदिरानगरच्या मैदानावर आमची परीक्षा झाली. पल्लवी प्रत्येकाला घेऊन कडेकडेने एक फेरी मारायची. तिच्या फोनची रेघ नवशिक्याच्या शिवणीसारखी वाकडी गेली. नव्या रिसीव्हरचं अ‍ॅप इंटरनेट बंद करताच रुसून बसलं. डोंगरात रेंज कुठून आणायची? माझी रेघ मात्र जिथून निघाली तिथेच येऊन मिळाली. मग टॅबवर अ‍ॅप निवडायची वेळ आली. एक गोड आवाजात "डावीकडे वळा" म्हणायचं आणि मैदानात चालणाऱ्या पल्लवीला बाहेरच्या डांबरी रस्त्यावर नेऊन उभं करायचं. ते तिने काढून टाकलं. दुसरं मुकं होतं. त्यात रस्ते नाहीत, सूचना नाहीत; पाऊल पडेल तिथे रेघ. ते ठेवलं. मुकं असलं म्हणून काय झालं? मीही मुकाच आहे. खोटं तर बोलत नाही!

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी आम्ही बांधावर होतो. ओहोळाकाठी झाडी दाट. पल्लवीच्या मुठीत मला धड काही ऐकू येईना.

"हातात काय धरतेस? दे इकडं," भिमाबाई म्हणाली. तिने डोक्यावर चुंबळ ठेवली आणि हंडा ठेवावा तसं मला तिच्यात बसवलं. आता माझ्यावर फांद्यांतून दिसणारं आकाश होतं, आणि खाली पाण्याचे हंडे, मोळ्या, भाताचे भारे वाहिलेली ती ताठ मान. ती चालली. मागे टॅब घेऊन पल्लवी, तिचा पदर धरून राखी. खालचं खाचर रेघेच्या आत आलं.

ग्रामसभेत दोन्ही नकाशे शेजारी ठेवले. म्हातारे पुंजाराम म्हणाले, "तेही यंतर, हेही यंतर. तुमचंच खरं कशावरून?"

"माझं खरं मानू नका, काका," पल्लवी म्हणाली. "चला, तुम्हीच फिरा."

सगळी सभा बांधावर आली. पुंजारामांच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीत मी.

"नीट चाल, पुंजादादा," भिमाबाई ओरडली. "नवरदेव दिसतोस!"

हशा पिकला. पण त्यांची रेघ भिमाबाईच्या रेघेवरूनच गेली, आणि हशा थांबला. पुंजारामांनी मंजुरीचा हात वर केला. मागोमाग सगळ्यांनी.

पुढे तालुक्याला हा नकाशा कुणी अडवेल, मला ठाऊक आहे. अडवू दे. पुन्हा मोजू. मित्रांनो, जुनी वस्तू फेकण्याआधी तिला एकदा चार्ज करून बघा. आणि यंत्र म्हणालं "तुम्ही इथे नाही", तर लगेच मान डोलावू नका. आधी पायाखाली बघा.

लोक पांगले. राखी टॅबवरच्या रेघेवर बोट फिरवत होती. फिरवता फिरवता थांबली.

"आई, आपल्याला ही डबी सापडलीच नसती, तर आजी कुठे असती?"