तेविसावं पाणी

तेविसाव्यांदा पाणी डिस्टिल करून प्रयोगशाळेचा शिपाई प्रेमदास यानं काचेची कुपी साहेबांपुढे ठेवली. सत्तावन्न सालचा मे महिना. धूळ येऊ नये म्हणून वर्ध्याच्या कॉलेजातल्या त्या प्रयोगशाळेच्या खिडक्या महिनाभर बंद होत्या. सदरा पाठीला चिकटला होता.

प्राध्यापक किसनराव द्रवांतून प्रकाश सोडून तो किती विखुरतो ते मोजत होते. द्रव कितीही शुद्ध असो, त्याचे रेणू स्वस्थ बसत नाहीत. क्षणात इथं दाटतात, क्षणात तिथं विरळ होतात, आणि तेवढ्यानंही प्रकाश विखुरतो. बेंझीनचा आकडा गणिताशी जुळला होता. पाण्याचा मात्र अडीचपट येत होता.

किसनरावांनी दिवा लावला, मोजलं, मान हलवली. "पुन्हा तेच. पाण्यात कचरा आहे. तू कुपी नीट धूतच नाहीस."

एरवी प्रेमदास मुकाट्यानं पुन्हा स्टोव्ह पेटवायचा. मागच्या साली धम्मदीक्षा घेतल्यापासून, त्याच्या हातच्या पाण्याला कुणी घाण म्हटलं की त्याला जास्तच लागायचं. आज मात्र तो न विचारता स्टुलावर बसला.

"कचरा असता त साहेब, ठिपके चमकले असते, फिरले असते. अन् दर खेपेले आकडा वेगळा आला असता. तेवीस वेळा एकच कसा येऊन राह्यला?"

किसनरावांनी कुपी उचलून उजेडात धरली.

"बेंझीनच्या वक्ती दिव्यापुढं हिरवी काच होती. पाण्याले तुम्ही निळी लावली. त्यानं काही फरक पडते काय?"

किसनरावांनी वही ओढली. गणित हिरव्या प्रकाशाचंच होतं. निळा प्रकाश कितीतरी जास्त विखुरतो, हे ते दरवर्षी वर्गात शिकवत. त्यांनी निळ्या प्रकाशासाठी गणित पुन्हा मांडलं. आकडा जुळला.

त्यांनी वही मिटली. मग म्हणाले, "पाणी पहिल्यापासून स्वच्छ होतं. चूक माझी. प्रेमदास, शोधनिबंधात तुमचं नाव घालतो मी."

"घाला, साहेब. पण आज मले आत्ताच सुट्टी द्या."

तो नालवाडीला घरी पोचला तेव्हा ऊन अजून कललं नव्हतं. भरदुपारी नवरा आडवा झालेला पाहून कमलानं त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप हाय काय?"

"नाई. चूक माही नव्हती," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.