मंडळाच्या भिंतीवरचा अमेरिकन

मी जे सांगणार आहे त्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. भोपाळचे ठेवणार नाहीत, कारण ते मला ओळखतात. इंदूरचे तर मुळीच नाहीत, कारण असली गोष्ट इंदूर सोडून भोपाळला घडली हे त्यांना सहनच व्हायचं नाही. नका ठेवू. माझं काही अडत नाही.

तर कॅन्ससचा ऑर्विल ग्रिमस्टेड, ज्याची गव्हाच्या शेतांची चित्रं अमेरिकेत काचेमागे टांगतात, ज्याचे कागद तिकडच्या एका विद्यापीठात थंडगार खोलीत जपून ठेवलेत, तो सदुसष्ट साली आमच्या कारखान्याच्या वसाहतीत आला. माझ्या क्वार्टरमध्ये जेवला आणि मराठी मंडळाच्या भिंतीवर चित्र काढून गेला.

हे मी पहिल्यांदा सांगितलं ते एका जेसीबीसमोर.

वसाहत आता ओसाड पडली आहे. आम्ही निवृत्त होऊन कोणी इंद्रपुरीत, कोणी साकेत नगरला घरं केली. मागे रिकामी क्वार्टरं राहिली. त्यांच्या खिडक्या चोरांनी नेल्या, दारातली लिंबाची झाडं छपरावर चढली. त्या रांगेच्या टोकाला मंडळाची खोली, आणि खोलीच्या आतल्या भिंतीवर ते चित्र. सगळी रांग पाडून तिथं गोदाम करायचं ठरलं. मला कळलं तसा मी गेलो, मंडळाच्या उरलेल्या खुर्च्यांतली एक उघडली, भिंतीला पाठ लावली आणि बसलो.

जेसीबीचा ड्रायव्हर दारातून डोकावला. “बाबूजी, कुर्सी हटा लो. धूल उड़ेगी.”

“उड़ने दो, बेटा. फाउंड्री में सारी उमर धूल ही खाई है.”

तो गेला आणि साहेबाला घेऊन आला. साहेब म्हणजे उदय जोगळेकर, पुण्याहून बदलून आलेला, इस्त्रीचा शर्ट, बोलायला गोड.

“काका, आदेश आहे हो. मी तरी काय करू?”

“तुम्ही तुमचं काम करा. मी बसायचं काम करतो.”

त्यानं भिंतीकडे पाहिलं. रेशनच्या दुकानापुढची बायकांची रांग आहे चित्रात. मागे कारखान्याचं धुराडं, पलीकडे बरखेड्याची टेकाडं. पण एकही बाई वाकलेली नाही. सगळ्या ताठ, रिकाम्या पिशव्या ढालीसारख्या छातीशी धरलेल्या, आणि सगळ्या बघणाऱ्याच्या डोळ्यांत डोळे घालून उभ्या. दुकानदार तेवढा कोपऱ्यात, तराजूमागे लपलेला.

“छान आहे,” उदय म्हणाला. “कोणी काढलंय? म्हणजे नावाजलेला चित्रकार असेल तर मला थांबवता येईल. मंडळातल्या बायकांनी हौसेनं काढलेलं असेल, तर फोटो घेऊन फाइलला लावू.”

हौसेनं! तो एक शब्द माझ्या मस्तकात गेला. मी तोंड उघडलं होतं एका नावासाठी, बाहेर दुसरंच आलं.

“ग्रिमस्टेडनं काढलंय,” मी म्हणालो. “ऑर्विल ग्रिमस्टेडनं. मोबाइलमध्ये बघा.”

त्यानं बघितलं. मग त्यानं स्वतःच एक खुर्ची उघडली, रुमालानं पुसली आणि माझ्यासमोर बसला. बाहेर इंजिन बंद झालं. ड्रायव्हर उंबऱ्यावर टेकला.

इथं माझी चूक झाली. गोष्ट रंगात आली की मला थांबता येत नाही. मी म्हणालो, “त्याचे कागद लावायचं काम आमच्या शेजारच्या श्यामची वसुधाच करते की! इथंच आली आहे, साकेत नगरला, आईकडे.”

“मग बोलवाच त्यांना,” उदय म्हणाला. “हे चित्र राखण्यासारखं आहे, एवढी एक ओळ त्यांनी लिहून दिली तर मी आजच काम थांबवतो. नाही दिली तर काका, तुम्ही उठायचं.”

“उठेन,” मी म्हणालो, आणि वसूला फोन लावला.

वसू रिक्षानं आली. चाळिशी ओलांडली पोरीनं, केस पांढरे झाले, पण डोळे तेच, प्रश्न विचारणारे. माझ्या शेजारी भिंतीशी उभी राहिली. “काका, काय ऐकतेय मी? ग्रिमस्टेड? इथं?”

“ऐक तर खरं. त्याचं अर्धं आयुष्य तुझ्या खोक्यांत आहे, उरलेलं अर्धं माझ्याकडे.”

आणि मी सुरू केलं. ग्रिमस्टेड शेतकऱ्याचा मुलगा. न्यूयॉर्कला शिकायला गेला, तिथल्या शहाण्यांनी सांगितलं, पॅरिसला जा, गाईगुरं रंगवणं सोड. तो म्हणाला, माझ्या गोठ्याच्या दारातून जे दिसतं तेवढंच मी रंगवणार. तुम्हाला बघायचं नसेल तर पाठ फिरवा. गावी परतला. जन्मभर गहू, गोठे आणि शेजाऱ्याची लंगडी गाय. मासिकांनी टिंगल केली, त्यानं मासिकं गाईखाली अंथरली.

“बरोबर ना गं?”

“इथपर्यंत बरोबर,” वसू म्हणाली. “मागच्या दिवाळीत मीच सांगितलं होतं तुम्हाला.”

“पुढचं तू सांगितलेलं नाहीस. तेव्हा आपल्याकडे रेशनवर अमेरिकेचा लाल गहू यायचा, आठवतं? नाही आठवणार. त्याच्या पोळ्या म्हणजे चामडं. ग्रिमस्टेडला कळलं, आपण रंगवलेला गहू जहाजात भरून कुठंतरी चाललाय. माणूस हट्टी! म्हणाला, माझा गहू कोण खातं ते बघणार. निघाला गव्हाच्या मागोमाग. जहाज, मालगाडी, ट्रक, आणि शेवटी आमच्या रेशनच्या दुकानात एका पोत्यावर बसलेला सापडला.”

उदय पुढे सरकला होता. ड्रायव्हरनं विडी विझवली.

“काका,” वसू म्हणाली, “गावी परतल्यावर तो कॅन्ससच्या बाहेर पडायलाच घाबरायचा. आमच्याकडे त्याच्या दाताच्या डॉक्टरची बिलंसुद्धा आहेत. हिंदुस्थानच्या तिकिटाचा साधा तुकडाही नाही.”

“पोत्यावर बसून आलेल्याला तिकीट कोण देणार?”

ड्रायव्हर हसला. वसूही हसली, पण ओठ मिटून.

“आमच्या घरी आणला त्याला. इंदूनं लाल गव्हाची पोळी वाढली. त्यानं तुकडा तोंडात घातला आणि रडायला लागला.”

“आपला गहू ओळखला म्हणून?” उदयनं विचारलं.

“दात दुखला म्हणून. डॉक्टरची बिलं उगाच झाली का? मग इंदू त्याला म्हणाली, भाऊजी, रडता कशाला, उद्या रांगेत उभे राहा माझ्याबरोबर. राहिला. दुकानदारानं बायकांवर खेकसायला सुरुवात केली, तशी इंदू म्हणाली, आम्ही भीक मागायला आलो नाही, कार्ड आहे आमचं, नीट बोला. सगळी रांग ताठ झाली. ग्रिमस्टेडनं ते पाहिलं, तडक इथं आला आणि या भिंतीवर कोळसा टेकवला. सही केली नाही. मोठी माणसं करत नाहीत.”

इंदुमती, माझी बायको. तिला जाऊन बराच काळ झाला. तिचं नाव घेताना माझा आवाज जरा सैल झाला असेल, कारण वसू माझ्याकडे टक लावून बघत होती. मग ती भिंतीकडे वळली. ओलीनं खालचा रंग जिथं सुटला होता तिथं उकिडवी बसली, बोटं फिरवली आणि खालून वर काहीतरी मोजत गेली.

“मॅडम?” उदय म्हणाला.

“पेन द्या.”

तिनं भिंतीवरच कागद टेकवून लिहिलं, सही केली, त्याच्या हातात दिला. उदयनं मोठ्यानं वाचलं: “हे चित्र राखण्यासारखं आहे. भिंतीला हात लावू नये. चित्रकार, इंदुमती दिगंबर पाटणकर.”

त्यानं एकदा चित्रातल्या बायकांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. कागदाची घडी करून खिशात घातली आणि ड्रायव्हरला हातानं खूण केली. थोड्या वेळानं जेसीबी मागे सरकत गेल्याचा आवाज आला.

आता गप्प बसावं की नाही? पण आपली गोष्ट अशी भर सभेत कोणी मोडावी, हे माझ्या स्वभावात नाही. मी त्या खुर्चीवरून पहिल्यांदा उठलो.

“वसू, चष्मा बदल. ग्रिमस्टेड लिही तिथं.”

“मग हे काय आहे?” तिनं सुटलेल्या रंगाखाली बोट ठेवलं. तिथं गेरूचे ठिपके होते. एकसारख्या अंतरावर, ओळीत, खालपासून वरपर्यंत. वर्तमानपत्राला उदबत्तीनं भोकं पाडायची, कागद धरायचा, वरून रंगाची पुरचुंडी थोपटायची. आपल्या बायका दिवाळीत दारात रांगोळीसाठी करतात, तेच, फक्त भिंतीवर.

“त्याला फूटपट्टी मिळेना,” मी म्हणालो. “इंदूनं आपला रांगोळीचा कागद दिला वापरायला. अमेरिकन असला तरी माणूस शिकणारा होता.”

“आणि हा? कागद जिथं जिथं टेकवला तिथं डाव्या कोपऱ्यात हा टम्म ठिपका? चिंचोक्याएवढा?”

“चिरूट. काम करताना चिरूट ओढायचा. कागदाला टेकला, भोक मोठं पडलं. थोर लोकांचं असंच असतं.”

वसू उभी राहिली. तिनं पदर खोचला, माझ्या डोळ्यांत डोळे घातले, थेट चित्रातल्या बायकांसारखे, आणि रिकाम्या रांगेतल्या शेवटच्या क्वार्टरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“खोटं, काका, साफ खोटं! ते भोक माझं आहे. उदबत्ती जास्त वेळ दाबली म्हणून इंदूकाकूनं मला धपाटा घातला होता. आणि सदुसष्ट साली मी जन्मले तरी होते का?”