काचेची चप्पल, ज्वारीची भाकरी

चिंतामणी सरांनी मनगटावरचे घड्याळ सोडून टेबलावर ठेवले.

"दहा मिनिटे माझी, दहा तुमची. वेळ संपली की थांबायचे. मुले म्हणतील ते पुस्तक ग्रंथालय छापेल."

निवेदिताने मान डोलावली. परदेशी परीकथा इथल्या मातीत रुजवणारे तिचे हस्तलिखित सरांनीच, ग्रंथालयाच्या प्रकाशन समितीचे अध्यक्ष या नात्याने, परत पाठवले होते. शेरा होता: 'मूळ कथेशी प्रतारणा.' काचेच्या चपलेची जी कथा चीनपासून मिसरपर्यंत शेकडो चुलींवर शिजली, तिचे 'मूळ' सरांना इंग्रजी क्रमिक पुस्तकात गवसले होते. तिने वाद घातला नाही. पंच सोलापूरची मुले असावीत, एवढेच मागितले.

सर आपला शब्दशः अनुवाद वाचू लागले. सावत्र आईचा जाच, राजवाड्यातला नाच, पळताना निसटलेली काचेची चप्पल. "मग राजपुत्र ती चप्पल हातात घेऊन घरोघर हिंडू लागला—"

"बाबौ!" पुढच्या रांगेतली श्रावणी म्हणाली. "कुणाला हाणायला?"

"हाणायला नाही. लग्नासाठी."

"चप्पल घिऊन मागणी घालत्यात व्हय, सर?"

खोली खिदळली. सर कथेच्या शेवटाला पोहोचले, पण एकटेच.

निवेदिताने पिशवीतून कडक भाकरी काढली. तिच्यावर थापणारीची बोटे उमटलेली होती. तिच्या गोष्टीतल्या पोरीने गड्ड्याच्या जत्रेत एका भुकेल्या पाहुण्याला जेवू घातले आणि सावत्र आईच्या धाकाने ती नाव न सांगताच पळाली. पाहुणा होता राजपुत्र. त्याच्या हाती उरली एक भाकरी. महिनोन् महिने न विटणारी. जिची बोटे या ठशांत बसतील, तीच राणी.

"थोरल्या सावत्र बहिणीने ठशांवर हात दाबला—"

कट्!

"धाकटीने तर सगळा जोर लावला—"

कडाड! मुले गुडघ्यांवर उभी राहिली. निवेदिताच्या तळहातावर एकच तुकडा उरला होता, करंगळीच्या ठशाचा.

"तेवढ्यात चुलीमागून ती आली. पिठाचा हात पुसला. करंगळी पुढे केली. आणि..."

तिने तुकडा अलगद टेबलावर, घड्याळाशेजारी ठेवला.

"वेळ संपली. सरांचा नियम आहे."

"ओ मॅडम!" एकच गिल्ला झाला. "सर, सांगू द्या की त्यास्नी!"

सरांनी घड्याळाकडे पाहिले. वेळ खरोखरच संपली होती. त्यांनी ते उचलून खिशात टाकले, खुर्ची मुलांच्या रांगेपर्यंत ओढली आणि घसा खाकरला.

"बसली का?"

निवेदिताने आधी सावकाश पाण्याचा घोट घेतला.