शुक्राच्या आड

जळगावजवळच्या पिंप्राळ्यातल्या देवचंद आबांच्या सुनेला अमेरिकेचा व्हिसा मिळाला, तेव्हा आबांनी गल्लीभर पेढे वाटले आणि घरी येऊन पंचांग उघडलं.

गोष्ट १९८८ सालची. आबांचा एकुलता एक मुलगा हिलाल तिकडे इंजिनिअर. लग्न करून तो तीन आठवड्यांत परत गेला आणि त्याची बायको मंदा, धुळ्याच्या देवपुरातली मुलगी, कागद होईपर्यंत सासू-सासऱ्यांजवळ राहिली. कागदांना दोन वर्षं लागली. नवऱ्याचा सहवास तीन आठवडे आणि वाट पाहणं दोन वर्षं! आता एकदाचा पासपोर्टावर शिक्का बसला होता. मुंबईच्या कचेरीतून मोहोरबंद पाकीट मिळालं होतं. ते आपण फोडायचं नाही, अमेरिकेतल्या विमानतळावर तसंच द्यायचं. छातीचा एक्स-रेही हातात धरून न्यायचा. पण एक अट होती. चार महिन्यांच्या आत तिथे पोचलं नाही, तर व्हिसा बाद आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून.

"जाई ना! घाई काय शे?" आबा म्हणाले. "आखाजी तर व्हऊ द्या."

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी जाते, झोके घेते. त्याला कोण नाही म्हणणार? आखाजी झाली. मग ऊन फार म्हणून प्रवास लांबला. मग आबा जोशीबुवांकडून नवीच बातमी घेऊन आले. शुक्राचा अस्त झाला आहे. अशा वेळी नव्या नवरीने नवऱ्याच्या घरात पहिलं पाऊल टाकू नये! आणि शुक्र उगवणार होता नेमका मुदत संपल्यावर.

शांती करून निघता येईल, असंही जोशीबुवांनी सांगितलं होतं. तेवढं मात्र आबांनी घरी सांगितलं नाही.

का सांगितलं नाही? वाचकहो, आबांच्या पत्नी नर्मदाबाई वर्षभरापासून अर्धांगवायूने खाटेवर पडून होत्या. त्यांना उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, सारं मंदा करी. आबांना तर साधा चहाही जमत नव्हता. आबा मनाने वाईट नव्हते हो! पण सून गेली तर आपलं कसं होणार, हा विचार त्यांना सोडत नसे, आणि तसं बोलून दाखवायची लाज वाटे. म्हणून बिचाऱ्या शुक्राला पुढे केलं.

शेजाऱ्यांकडे हिलालचा फोन आला की मंदा एवढंच म्हणे, "आबा म्हणतील तसं." मग घरी येऊन मोरीत नळ मोठा सोडून बसे. नळाच्या आवाजाखाली काय चाललंय, हे खाटेवरच्या सासूला बरोबर कळत होतं.

एके दुपारी मंदा दळणाला गेली असताना नर्मदाबाईंनी आबांना जवळ बोलावलं. जीभ जड झाली होती, पण शब्द स्पष्ट होते.

"शुक्रनं नाव कसाले लेतस? खरं सांगा, मन्हासाठे थांबाडी ना तिले?"

आबा हळूच म्हणाले, "ती गई तर तुन्हं कोन करी?"

"तुम्ही करा! सुरत याद शे का? तुम्ही गिरणीमा आनि मी गावले. तुमनी मायनी 'आज नही, उद्या' करत माले सात वरीस धाडं नही. मन्ही पहिली पोर गई, तुम्ही तिनं तोंडबी देखं नही. आते तेच तुम्ही या पोरीले करतस?"

आबांना ते दिवस आठवले. सुरतेच्या खोलीत, मुलगी गेल्याची तार हातात घेऊन, आपण आईला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या होत्या! आणि आज आपणच तिच्या जागी बसलो! म्हातारा खाटेच्या कडेवर डोकं टेकून लहान मुलासारखा रडला.

मंदा दळण घेऊन आली, तेव्हा आबा दारातच उभे होते.

"पोरी, शुक्र नही, मीच तुले आडवा व्हतू. माले माफ कर. तिकीट काढ."

"पन आबा, आईनं कोन करी?"

"मी करसू. जावाना पहिले माले बठ्ठं शिकाडी दे."

मंदाने शिकवलं. पाठीखाली हात कसा घालायचा, घास कोणत्या बाजूने द्यायचा, कूस कशी बदलायची. जायच्या दिवशी तिने सासूच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. पुन्हा भेट नाही, हे दोघींनाही ठाऊक होतं. नर्मदाबाईंनी डाव्या हाताने तिची पाठ थोपटली, आणि पाकीट, एक्स-रे सांभाळत मंदा जळगाव स्टेशनकडे निघाली. मुदत संपायला थोडेच दिवस उरले होते.

ती पोचल्याचा फोन आला. नर्मदाबाई आबांना पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या, "हिलाल विमानतळवर लेवाले वन्हा व्हता ना तिले?"

पुढे आबांचा हात भाजला, भात कच्चा राहिला, आणि नर्मदाबाई अर्ध्या ओठाने हसल्या. दिवाळीच्या तोंडावर त्या गेल्या. हिलाल-मंदा पोचेपर्यंत अंत्यविधी उरकला होता.

दशक्रियेला एक नातेवाईक सुनावून गेला, "सून अमेरिकेला पळाली, म्हणून बाई गेली." मंदाने मान खाली घातली. आबा उठून उभे राहिले.

"सून गई म्हनीसन माले मन्ही बायको सापडनी!" ते ओरडले. "सारा जलम तिनी माले वाढं. मी तिले भरावं ते फक्त चार महिने."

वाचकहो, आपल्या घरातही एखादी मंदा अशीच थांबली असेल. कधी मुहूर्ताच्या नावाखाली, कधी रीतीच्या. सून ही घरातलं माणूस आहे, घरची सोय नव्हे. आपल्या माणसाची सेवा आपल्या हातांनी करायची असते. ती दुसऱ्याच्या संसारातून कापून घ्यायची नसते. आबांना हे कळलं, पण त्यांच्या वाट्याला चारच महिने आले.