जयवंतीच्या सुईचा माठ

मित्रांनो, मी एक जुना माठ आहे. तोंडाशी टवका उडालेला, बुडाशी काळा पडलेला आणि वाजवीपेक्षा जास्त पाझरणारा. वर्गात एखाद्याला काही येत नसलं की गुरुजी त्याला माझं नाव ठेवतात, हेही मला ठाऊक आहे. खुशाल ठेवा. माझी हकीकत ऐका आणि मग माठ कोण ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म विरारच्या एका कुंभाराच्या चाकावर झाला. माती कालवताना त्याने भाताचा तूस जरा सढळ हाताने घातला. भट्टीत तूस जळून गेला आणि माझ्या अंगात बारीक बारीक वाटा राहून गेल्या. बाजारातून अर्नाळ्याच्या भागूबाईंनी मला घरी आणलं. पहिला उन्हाळाभर माझ्या गार पाण्याचं फार कौतुक झालं. मग मी पाझरतो, ओटा ओला होतो, सकाळपर्यंत पाणी उरत नाही, अशी बोलणी सुरू झाली. एक दिवस माझी रवानगी मागच्या दारी माडाखाली झाली. कोंबड्या माझ्यात चोची बुडवू लागल्या. मी मुकाट्याने सोसलं असं सांगणार नाही. मी खूप चडफडलो, पण माठाची चडफड ऐकतो कोण?

त्या घरची सून जयवंती. तिचं पहिलं बाळ चांगलं भरलेलं, गुटगुटीत होतं, पण जन्माला आलं ते न रडताच. दृष्ट लागली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. दुसऱ्या खेपेला आगाशीच्या डॉक्टर कॅथरिननी तिचं रक्त तपासलं, तेव्हा खरा शत्रू सापडला. दिवस राहिले की जयवंतीच्या रक्तातली साखर वाढत होती, आणि पहिलं बाळ वाजवीपेक्षा जास्त भरलं होतं ते त्या साखरेनेच. त्यांनी आधी गोडधोड बंद केलं, भात कमी केला, रोज चालायला लावलं. तेवढ्याने भागेना, तेव्हा इन्सुलिन सुरू केलं. जेवणाआधी तिने स्वतःच सुई टोचून घ्यायची होती.

भागूबाईंनाही साखरेचा आजार होता आणि त्या गोळी घ्यायच्या. पोटुशी बाईला सुया कशाला, माझ्या गोळ्यांतलीच एक देते, असं त्यांचं म्हणणं. डॉक्टरांनी समजावलं, की ही गोळी पोटातल्या बाळापर्यंत पोचते आणि त्याची साखर भलतीच खाली नेऊ शकते. इन्सुलिन मात्र आईपाशीच राहतं. भागूबाईंनी मान हलवली आणि घरी येऊन गोळ्यांची पट्टी सुनेच्या उशाशी ठेवली. बाई वाईट नव्हती हो. एक नातवंड मातीत ठेवून आलेली होती, आणि सुईची तिला भीती वाटत होती.

औषध थंड ठेवा, असं दवाखान्यात सांगितलं होतं. घरात फ्रिज नव्हता. शेजारी होता, पण त्या वर्षांत आमच्याकडे वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा काही नेम नसे. जयवंतीचा नवरा काळूराम मात्र निश्चिंत होता. जन्म मासळीत गेलेल्या माणसाला थंड ठेवायचं कुणी शिकवावं? त्याने बाटली मासळीच्या पेटीत अगदी तळाला, बर्फात खुपसली. बर्फ टणक राहावा म्हणून वर मूठभर मीठही टाकलं. पापलेट जपतात त्याहून जास्त मायेने त्याने ती जपली.

आणि त्या मायेनेच घात केला. मीठ घातलेल्या बर्फात औषध गोठायचं. टोचायच्या आधी काळूराम बाटली मुठीत धरून ते पातळ करून द्यायचा, आणि काही बिघडलंय असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. सुई रोज टोचली जात होती, साखर चढतच होती. भागूबाईंना जोर आला. सुई लागू पडत नाही, आता माझी गोळी घे, असा त्यांनी धोशा लावला. काळूरामही खाली मान घालून आईची री ओढू लागला.

मागच्या पडवीत जयवंती उभी राहिली आणि दोघांना म्हणाली, “पयला गेला तवा मी काय बोलली नाय. आता बोलनार. डॉक्टरनी सांगितल्याबिगर मी एक गोळी तोंडात टाकनार नाय.”

ती एकटीच बस पकडून आगाशीला गेली. डॉक्टर कॅथरिननी बाटली उजेडात धरली. फाटलेल्या दुधासारखे कण काचेला चिकटले होते. बाटली कुठे ठेवता, असं त्यांनी विचारलं आणि उत्तर ऐकून कपाळावर हात मारला. गोठलं की हे औषध वाया जातं, पुन्हा पातळ झालं तरी त्यात दम राहत नाही. त्यांनी नवी बाटली दिली आणि सांगितलं, थंडावा हवा, बर्फ नको. घट्ट झाकणाच्या डबीत बाटली घाला आणि थोडं पाणी घातलेल्या माठात ठेवा.

घरातला चांगला माठ भागूबाई सोडणार नव्हत्या. जयवंती तडक माडाखाली आली, तिने कोंबड्या हुसकल्या आणि मला काथ्याने खसाखसा घासलं. ज्या पाझरण्यापायी मला हाकललं होतं, त्याच पाझरण्याने माझं पोट सगळ्यांत गार राहत होतं. पुढच्या तपासणीला साखर उतरली. त्याच्या पुढच्या तपासणीला आणखी उतरली. मित्रांनो, मी फुगून दोन इंच उंच झालो असेन.

मग तिच्या ओटीभरणाचा दिवस आला. पाहुण्यांना सुया दिसू नयेत म्हणून भागूबाईंनी मला सकाळीच माळ्यावर कोंबलं. माळा म्हणजे कौलांखालची भट्टी. माझ्या पोटातली डबी तापणार, या काळजीने माझा जीव कासावीस झाला.

खाली बायकांची गर्दी होती. हिरवी साडी, फुलांचे दागिने, गाणी. मग दोन झाकलेल्या वाट्या पुढे आल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. पोटुशीने एक उघडायची आणि त्यातलं खायचं. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्याजणी पुढे सरकल्या. पानं वाढायला घेतली होती आणि जयवंतीच्या सुईची वेळ झाली होती.

तिने वाटीला हात लावला नाही. माझा माठ खाली घ्या, म्हणाली. कुणी हललं नाही. ती अवघडलेल्या अंगाने उठून स्वतःच स्टूल ओढायला लागली, तशी एकच तारांबळ उडाली. शेजारची फ्लॉसी तिला मागे सारून स्टुलावर चढली आणि मला खाली घेऊन आली. जयवंतीने डबी उघडली, औषध डोळ्यांपुढे धरून नीट पाहिलं, सुई भरली आणि पदर सारून सगळ्यांदेखत टोचून घेतली. गाणी केव्हाच थांबली होती.

“पोरगा का पोरगी ते मंग बघू,” ती म्हणाली. “आधी ते जितं पायजे.”

भागूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. पुढे येऊन त्यांनी दोन्ही वाट्या उचलल्या आणि आत नेल्या. दुसऱ्या दिवशी उशाशी गोळ्यांची पट्टी नव्हती.

कळा सुरू झाल्या तेव्हा काळूराम मला मांडीवर घेऊन रिक्षात बसला. म्हणून मी दवाखान्यातही होतो. मुलगी झाली. पाहायला आलेल्या एका मावशींनी नाक मुरडलं. एवढीशीच? पहिला केवढा गुटगुटीत होता.

भागूबाईंनी नातीला छातीशी धरलं होतं आणि ती टाहो फोडत होती. “व्हता,” त्या म्हणाल्या. “पन ही रडते.”

बाळंतपणानंतर जयवंतीची साखर ताळ्यावर आली आणि सुई सुटली. दर वर्षी रक्त तपासायला ती अजून जाते. परवा शेजारच्या रीमाला दिवस गेले आणि तिचीही साखर वाढली. तिला डॉक्टरांनी गोळी दिली. आता काही जणींना गर्भारपणात एक वेगळी गोळी देतात, आणि तेवढ्याने भागलं नाही तर सुई असतेच. हे कळताच म्हाताऱ्या भागूबाई खूश झाल्या, मी तेव्हाच म्हणत होते, म्हणाल्या. “ती गोळी दुसरी,” जयवंतीने सुनावलं, “आनि ती डॉक्टरनी दिलीय, सासूनं नाय.”

मित्रांनो, मला आता पाण्याने भरा नाहीतर कोंबड्यांना द्या, माझी तक्रार नाही. पण तुमच्या घरी एखादी बाई पोटुशी असेल आणि तिला औषध लागत असेल, तर एकीची गोळी दुसरीला देऊ नका. औषध कुठे आणि कसं ठेवायचं ते नीट विचारून घ्या. आणि ते तिला चारचौघांत, ताठ मानेने घेऊ द्या. तिला मान खाली घालायला लावणारा कुणी भेटला, तर त्याला अर्नाळ्याला माझ्याकडे पाठवा. मी अजून फुटलेलो नाही.