पहिल्या पानावर कोण

ब्राह्मीनं माहितीपत्रकाची डमी, छापण्याआधीचा नमुना, पुन्हा एकदा उलगडली आणि पुन्हा मिटली. कागद चांगला होता, रंग चांगले होते, तरी तिला चैन पडेना.

काम होतं पलूसजवळच्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेचं. जतकडच्या गावांतली अशी कितीतरी मुलं घरातच बसून राहतात. त्यांच्या आईबापांपर्यंत शाळा पोचावी म्हणून मुख्याध्यापिका पद्माबाई सांगलीला ब्राह्मीच्या छोट्याशा डिझाइनच्या ऑफिसात आल्या होत्या. मजकूर मात्र पाठवला संस्थेचे अध्यक्ष जयराजदादा यांनी. पहिल्या पानावर त्यांचा हसरा फोटो, आत त्यांचं मनोगत, मागं विश्वस्तांची नावं. शाळेचा फोन नंबर पार तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत.

छापायला द्यायचा दिवस उजाडला आणि ब्राह्मीला ते देववेना. प्रेसला ‘थांबा’ म्हणून कळवलं आणि तिनं जतची एसटी धरली.

जतच्या स्टँडवर बाकड्यावर एक बाई बसली होती, मायाक्का. शेजारी सहा-सात वर्षांची लेक. मागून गाडीचा हॉर्न कर्कश वाजला, सगळ्यांनी माना वळवल्या. पोरगी मात्र शेंगा सोलत राहिली. ब्राह्मी जवळ गेली आणि डमी बाईच्या हातात दिली.

मायाक्कानं फोटोकडं बघितलं. “इलेक्शन लागलंय व्हय?”

“नाही ओ. शाळेचं आहे. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या.”

बाईनं लेकीकडं बघितलं. मग एकदम विचारत सुटली, “हितनं कुठली गाडी धरायची? पोरगी तितंच ऱ्हाणार? मी भेटायला कवा यायचं?” तिनं अंगठा ओठाला लावला. “आन् तान लागल्यावर तिनं असं केलं, तर तितं कुणाला कळंल का?”

शेवटचं ब्राह्मीला सांगता येईना. तिनं तिथूनच पद्माबाईंना फोन लावला.

“कळेल की,” पद्माबाई म्हणाल्या. “आमच्या वसतिगृहातल्या गुणमाला मावशींना स्वतःलाच ऐकू येत नाही. मुलं त्यांच्याशी दिवसभर हातांनी बोलतात.”

ब्राह्मीनं सगळं मोडून नव्यानं मांडलं. पहिल्या पानावर मावशी आणि एक मुलगी, दोघींचे हात हवेत. वर एकच ओळ : ‘इथं तुमच्या लेकराचं बोलणं कळतं.’ आत मायाक्काचे प्रश्न, तिच्याच शब्दांत, आणि साधी उत्तरं. मागं एसटी कुठं बदलायची ते, आणि फोन नंबर अंगठ्याएवढा. तिकडं कानडीही बोलतात, म्हणून जतच्या एका शिक्षकाकडून तेच कानडीतही करून घेतलं.

संस्थेच्या बैठकीत जयराजदादांनी पत्रक उलटंपालटं केलं. “माझा फोटो कुठाय?”

ब्राह्मीनं जुनी डमी पुढं सरकवली. “दादा, तो बघून जतच्या एका आईला इलेक्शन वाटलं. आतले प्रश्न तिचेच आहेत.”

एका विश्वस्तांना हसू आवरेना. दादांचा चेहरा लाल झाला. ते पान उघडून वाचू लागले आणि तहानेच्या प्रश्नावर थांबले.

“हे खरंच विचारलं तिनं?”

“हो.”

“छापा,” असं म्हणून चहा न घेताच ते उठले.

जूनमध्ये पद्माबाईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. जागा तीस आणि आली एक्केचाळीस मुलं! मायाक्काची लेक तर पहिल्याच दिवशी दाखल झाली.

“मग बाकीच्या अकरांचं काय?”

“परत पाठवली हो. काय करणार?”

ब्राह्मीनं वही पुढं ओढली. एवढ्या लांबून त्यांना बोलावलं कुणी? आपणच ना? तिनं अकरा घरांचे नंबर मागून घेतले. दोन दिवस इकडंतिकडं विचारत राहिली. साताऱ्याच्या एका शाळेत सात जागा निघाल्या. सात घरी तिनं कळवलं. एका बापानं तर गाडीची वेळसुद्धा लिहून घेतली.

चार नंबर उरले. त्या मुलांसाठी कुठंच जागा निघाली नव्हती. खुर्चीतून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. शेवटी उभ्या उभ्याच तिनं त्यातला पहिला नंबर लावला.